फिश टँकचा दगड: पैसे थोडे, दिवस जास्त

फिश टँक घेताना काच, पंप, फिल्टर यांचा हिशोब सगळे करतात; दगडाचा राहून जातो. नाल्यातून उचललेला दगड तसाच आत ठेवला, की त्याच्यासोबत शेवाळ, माती आणि गोगलगायींची अंडीही टँकमध्ये जातात. मावळात दगड पायाखालीच आहे. त्याच्या तयारीला पैसे फारसे लागत नाहीत, दिवस मात्र लागतात.

कोणता दगड?

आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. कार्ले-भाजे लेणी याच खडकात कोरलेली आहेत. तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे टँकला उत्तम. अंगावर पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या मात्र तपासून घ्या. कोरड्या दगडाच्या पांढऱ्या भागावर व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि नीट निरखा. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं, तर तो चुना. पाण्याचा जडपणा वाढवणारा. असा दगड बाजूला ठेवा.

किल्ले, लेणी आणि वनखात्याच्या हद्दीतला दगड उचलू नका. स्वतःच्या शेताच्या बांधावरचा किंवा बांधकामाचा दगड विकणाऱ्याकडचा घ्या. समुद्री टँकसाठी कुणी प्रवाळ देऊ केलं, तर स्पष्ट नकार द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार ते संरक्षित आहे.

धुणं

साबण वापरू नका. ताठ ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा, छिद्रांतली माती काडीने काढा. शेवाळ चिवट असेल, तर एक भाग साधं ब्लीच आणि दहा भाग पाणी यांत एक दिवस बुडवा, मग भरपूर धुऊन अँटी-क्लोरिन घातलेल्या पाण्यात ठेवा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. विषारी वायू तयार होतो. दगड उकळू किंवा भाजूही नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो.

वाळवणं

फेब्रुवारी ते मे गच्चीवरचं ऊन फुकट आहे. दोन-तीन आठवडे ठेवा, रोज उलटा. वाळला का, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं: सलग तीन दिवस वजन घटलं नाही, म्हणजे वाळला. लोणावळ्याच्या पावसात हे जमत नाही. तेव्हा घरात पंख्याखाली ठेवा. 50 वॅटचा पंखा रोज 10 तास चालला, तर 20 दिवसांत 10 युनिट होतात.

शेवटी दगड आठवडाभर स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवा. पहिल्या आणि सातव्या दिवशी पीएच पट्टीने तपासा. आकडा तोच राहिला, तर दगड टँकला चालेल.

खर्च (दोन फुटी टँक, 8 ते 10 किलो दगड, ढोबळ अंदाज)

- व्हिनेगर: 50 रुपये
- ब्रश: 50 रुपये
- ब्लीच आणि अँटी-क्लोरिन: 100 रुपये
- पीएच पट्ट्या: 150 रुपये
- एकूण: सुमारे 350 रुपये, पावसाळ्यात वर 10 युनिट वीज

दुकानातला शोभेचा दगड बहुधा किलोवर मिळतो. शंभर रुपये किलो धरला, तरी दहा किलोचे हजार होतात, आणि धुणं-तपासणं चुकत नाहीच.

घाई असेल, तर ब्लीचची पायरी गाळा; पैसे वाचवायचे असतील, तर ब्रश स्वस्तातला घ्या. पण वाळवण्याचे दिवस आणि बादलीतला आठवडा कापू नका. टँक जूनमध्ये लावायचा असेल, तर दगड एप्रिलमध्येच गच्चीवर टाका.