चाक मोठे झाले, हवा किती भरावी?

कलाशाखेच्या वार्षिकांकात मोटारीच्या टायरवर लेख कशाला, असे कोणी विचारील. विचारावे. परंतु मूळची सोळा इंची चाके काढून अठरा इंची चकाकती चाके बसवण्याची हौस आपल्या विद्यार्थिवर्गातही कमी नाही. चाके बदलतात, हवा मात्र जुन्याच आकड्याने भरली जाते.

मोटारीचे ओझे मुख्यतः आत कोंडलेली हवा उचलते, रबर नव्हे. डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचे चाक तयार केले, तेव्हापासून हे तत्त्व बदललेले नाही. १४०० किलोंच्या मोटारीच्या एका चाकावर सरासरी ३५० किलो येतात. हवा ३२ पौंड असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब झाला. भागाकार करून पाहावा. रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम दीडशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा निघतो. ब्रेक, वळण, पावसाळी रस्ता, सारे या चार तळहातांवर!

आता एक उदाहरण घेऊ. '२०५/५५ आर १६' म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची. त्याजागी '२२५/४० आर १८' बसवला. पूर्ण चाकाचा व्यास पहिल्यात ६३२, दुसऱ्यात ६३७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढाच. रिम दोन इंचांनी वाढली ती टायरची भिंत खाऊन. ११३ मिलिमीटरची भिंत ९० वर आली आणि हवेला जागा कमी उरली. कमी जागेतल्या हवेने तेवढेच ओझे उचलायचे, तर ती अधिक दाबून भरली पाहिजे.

किती अधिक, हे टायरवरच्या भारांकावरून काढता येते. सोळा इंची साध्या टायरचा भारांक ९१, म्हणजे ३६ पौंडांवर ६१५ किलो. अठरा इंची टायर बहुधा 'एक्सएल', म्हणजे मजबूत बांधणीचा असतो. त्याचा भारांक ९२, म्हणजे ६३० किलो. आकडा वाढला म्हणून मंडळी निश्चिंत होतात. पण हे ६३० किलो ४२ पौंडांवरचे आहेत! हिशेब केला तर ३२ पौंडांवर जुना टायर सुमारे ५५५ किलो पेलतो, नवा ५०५ च्या आसपास. ही पन्नास किलोंची तूट भरून काढायला नव्यात साधारण ३६ पौंड हवा लागते. त्याच मोटारीच्या महागड्या प्रकारात कंपनीनेच अठरा इंची चाके दिली असतील, तर हिशेबाची यातायात नको. त्या प्रकाराच्या दारावरचा आकडा घ्यावा. टायरच्या भिंतीवर लिहिलेला कमाल दाब मात्र भरू नये. तो मर्यादा सांगतो, गरज नव्हे.

हवा कमी पडली की टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक चेपतो, चेपल्याने तापतो आणि तापला की आतले थर सुटू लागतात. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले पुष्कळसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते आणि फोर्डने त्यांना २६ पौंड हवा सांगितली होती. चौकशीत टायरच्या रचनेतला दोष निघाला, हे खरे. पण कमी हवा आणि उन्हाळा यांनी त्या दोषाला खतपाणी घातले. अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतरच्या कायद्याने तेथे २००७ पासून नव्या मोटारींत हवा उतरल्याची सूचना देणारा दिवा सक्तीचा झाला. तो दिवा हवा मूळ आकड्याहून २५ टक्के उतरली की लागलाच पाहिजे, असा नियम आहे. ३२ चे २५ टक्के वजा केले तर २४ पौंड. ज्या टायरला ३६ हवेत, त्याच्या बाबतीत इतक्या उशिरा लागणारा दिवा काय कामाचा?

दाब नेहमी गार टायरचा, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी राहिल्यावर मोजावा. महामार्गावरून आल्यावर तोच टायर चार-पाच पौंड जास्त दाखवतो. ती वाढ हिशेबात धरलेलीच असते, म्हणून पंपावरच्या पोऱ्याला हवा काढायला सांगू नये. पुढे दोन-तीन हजार किलोमीटरनंतर टायरची नक्षी पाहावी. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी पडते आहे. मधला पट्टा झिजला असेल तर जास्त झाली, एक-दोन पौंड उतरवावी.