भट्टीकडून कढईची अपेक्षा नको

अरेरा कॉलनी, भोपाळ
श्रावणातला दुसरा रविवार

चि. ओंकार,



फोटो पाहिला. एअर फ्रायरमधल्या बटाट्याच्या फोडी कडेला काळ्या, मध्ये पांढऱ्या, आणि खाली तुझा शेरा: "आत्या, पैसे पाण्यात." पैसे पाण्यात गेलेले नाहीत रे, फोडींतलं पाणी बाहेर गेलेलं नाही. आठवी-नववीच्या पोरांना उष्णतेचं वहन आणि अभिसरण शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे थोडा वर्ग घेतल्याशिवाय मला राहवणार नाही. कंटाळा आला तर सरळ खालच्या बाफल्यांच्या कृतीपर्यंत उडी मार.

तुझ्या एअर फ्रायरमध्ये वर तापणारं वेटोळं आहे आणि त्याच्यावर पंखा. पंखा तापलेली हवा खाली ढकलतो, ती टोपलीच्या भोकांतून फिरून पुन्हा वर येते. म्हणजे ही पंखा लावलेली छोटी भट्टी झाली. अमेरिकेत १९४० च्या दशकात विल्यम मॅक्सन नावाच्या गृहस्थानं विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला अशीच पंख्याची भट्टी केली होती. पुढे फ्रेड व्हान डर वेय या डच माणसाची कल्पना घेऊन फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात आजचं यंत्र आणलं. तेव्हा कढईत जे होतं ते सगळं इथे होईल, ही जाहिरातवाल्यांची भाषा सोडून दे. २०० अंशाच्या भट्टीत हात घालून फडक्यानं धरलेलं केकचं भांडं बाहेर काढता येतं, पण १८० अंशाच्या तेलाचा एक थेंब बोटावर पडला तरी फोड येतो. तेल उष्णता भसाभस देतं, हवा हात आखडून देते. म्हणून हवेला आपण मदत करायची, आणि ती मदत म्हणजे पदार्थाचं अंग कोरडं करून देणं.

ओला पदार्थ आत गेला की पहिली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. अंगावर ओल आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या फारसं वर चढतच नाही, आणि खमंगपणा तर साधारण १४० अंशांच्या पुढे येतो. मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली ज्या अभिक्रियेबद्दल लिहिलं, तिच्यामुळेच भाकरीचे पापुद्रे आणि भाजलेले दाणे खमंग वास सोडतात. पंख्याचं काम, पदार्थाला चिकटून बसलेला दमट हवेचा थर सतत हटवत राहणं. वारा असला की दोरीवरचे कपडे लवकर वाळतात, तेच. पण चिंब कपडा न पिळता दोरीवर टाकलास तर वारा तरी काय करील? तू फोडी धुतल्या आणि तशाच टोपलीत लोटल्यास, त्याही काठोकाठ. खालच्या फोडींची वाफ वरच्यांना लागली, मधल्या उकडल्या, आणि वेटोळ्याजवळच्या जळल्या.

आता बटाटा नीट करू. पाव किलो बटाटे, बोटाएवढ्या फोडी. गार पाण्यात अर्धा तास बुडवून ठेव, वरचं पिठूळ पाणी ओतून टाक. मग उकळत्या पाण्यात मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून पाच-सात मिनिटं शिजव. सुरी टोचली की आत जावी, पण फोड मोडू नये. सोड्यानं कडा थोड्या विरघळतात आणि तांबूसपणाही लवकर येतो. चाळणीत ओतून चाळणीतच दोन-तीनदा झटक. कडा खरबरीत झाल्या पाहिजेत, सगळा कुरकुरीतपणा त्या खरबरीतपणातच असतो. मग पंचावर पसरून वाफ पूर्ण जाऊ दे. हे सोडून बाकी काहीही विसरलास तरी चालेल. त्यानंतर चहाचा दीड चमचा तेल हातानं चोळ, तीनेक मिनिटं आधी तापवलेल्या यंत्रात एकाच थरात मांड, १८० अंशावर बारा-पंधरा मिनिटं, मध्ये दोनदा हलवून, आणि शेवटी २०० वर चार-पाच मिनिटं. तिखट, चाट मसाला, कुटलेला लसूण बाहेर काढल्यावर. वाऱ्यात तिखट आधी करपतं आणि मग तुम्ही यंत्राला शिव्या घालता.

रंग सोनेरी झाला की थांब. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे तापले की अ‍ॅक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं, हे २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. रंग जितका गडद तितकं ते जास्त. घाबरून बटाटा सोडायचं कारण नाही, पण काळ्या कडा कुरतडण्यात मर्दुमकीही नाही. आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवत असशील तर ते आधी बाहेर काढ. थंडीत त्यांच्यातल्या पिष्टाची साखर होते, मग ते भराभर काळपटतात आणि ते द्रव्यही वाढतं.

तेलाबद्दल. "ऑइल-फ्री" म्हणून तू एक थेंबही घालत नाहीस, असं तुझी आई म्हणाली. घाल. पातळ थर असला की उष्णता खाचाखोचांत पोचते, आणि हिंग-हळदीचा वास तेलाशिवाय उमलतच नाही. कढईतल्या वाटीभर तेलाच्या जागी चमचा-दीड चमचा, एवढी काटकसर पुरे. मात्र बाजारातले फवाऱ्याचे डबे आणू नकोस. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत लेसिथिन असतं, त्याचा चिकट थर टोपलीवर बसतो आणि घासताना न चिकटणारं लेपन जातं. साधी स्प्रेची बाटली किंवा सिलिकॉनचा ब्रश घे. टोपलीत अख्खा कागद अंथरून भोकं बुजवायची फॅशन आलीय, तीही नको. वारा जायचा कुठून?

आता ज्या गोष्टीचा मला खरा कळवळा आहे ती. माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, १९५६ च्या नोव्हेंबरात नागपूरची राजधानी गेली आणि नव्या मध्य प्रदेशाची भोपाळला झाली, तेव्हा फायलींच्या मागोमाग इथे आले. टी.टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आईच्या वैदर्भी स्वयंपाकाला शेजारच्या माळव्याची ओळख झाली, आणि त्या ओळखीतून आमच्या घरात जे टिकलं ते दाल-बाफला. बाफला म्हणजे गव्हाच्या पिठाचा उकडलेला गोळा, तो कंड्यांवर, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. फ्लॅटच्या गॅलरीत कंडे पेटवलेस तर सोसायटी तुलाच पेटवील. पण एअर फ्रायरसाठी याहून सोयीचा पदार्थ मी पाहिलेला नाही, आणि पुण्यात तुझ्या मित्रांपैकी कुणी तो केला नसेल हे मी पैजेवर सांगते.

दोन वाट्या जाडसर गव्हाचं पीठ. पोळीचं मऊ पीठ चालणार नाही, गिरणीत सांगून रवाळ दळून आण. पाव वाटी मक्याचं पीठ, ओवा, मीठ, चिमूटभर सोडा, आणि तुपाचं मोहन एवढं की मूठ वळली तर पिठाचा मुटका राहावा. घट्ट भिजव, अर्धा तास झाकून ठेव. लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करून अंगठ्यानं मध्ये खळगा पाड. मोठ्या पातेल्यात हळद घातलेलं पाणी खळखळू लागलं की एकेक सोड. आधी तळाशी बसतील, मग वर तरंगायला लागतील. त्यानंतरही काही मिनिटं शिजू दे, सगळे मिळून पंधरा-एक मिनिटं. इथे न उकडता भाजलेल्या साध्या बाटीत आणि बाफल्यात फरक पडतो. उकळत्या पाण्यात बाहेरच्या थरातलं पिष्ट फुगून खळीसारखं होतं, आणि तोच थर वाळून भाजला की चकचकीत, टणक कवच धरतो. आत मात्र सगळं आधीच शिजलेलं, त्यामुळे हवेच्या कंजूषपणाचा इथे त्रासच नाही. बाटी कच्ची आत गेली तर बाहेर दगड आणि मध्ये पीठ राहण्याची भीती असते, बाफल्याला ती नाही.

झाऱ्यानं काढून पंचावर ठेव आणि विसरून जा. डाळ फोडणीला टाक, हिरवी चटणी वाट. हात लावल्यावर चिकट लागेनासे झाले की तुपाचा हलका हात फिरवून १८० अंशावर वीस-बावीस मिनिटं, अर्ध्यावर उलट. टोपलीत चार किंवा पाच, एकमेकांना न भिडता. वरून बारीक तडे गेले आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाले. लगेच पातळ तुपात बुडव, हा भाग डॉक्टरांना सांगायचा नाही. धुराचा वास हवा असेल तर डाळीच्या पातेल्यात वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोड आणि दोन मिनिटं झाक.

याच न्यायानं पुढचं तुझं तुला समजेल: जे आधीच उकडलेलं किंवा वाफवलेलं आहे ते या यंत्राला फळतं. उकडलेली कोथिंबीर वडी, अळूवडी, मुठिया, सगळं ब्रशनं तेल लावून १९० वर. आईची नागपुरी पुडाची वडी मी अशी करते. तळलेल्या वडीचे पापुद्रे येत नाहीत, पण सारण खमंग राहतं, आणि पारीचं पीठ भिजवताना मोहन सढळ घातलं तर खुसखुशीतही होते. शेंगदाणे १६० वर आठ-दहा मिनिटं, मध्ये हलवून. कूट करायला कढईपेक्षा एकसारखे भाजतात. भेंडीला मीठ शेवटी, आधी घातलं की पाणी सुटतं. कारल्याला उलट: आधी मीठ लावून पिळून घे. कालचा समोसा, कचोरी १६० वर पाच मिनिटं. मायक्रोवेव्ह त्यांचं जे करतो ते पाहवत नाही.

आणि जे होणार नाही ते होणार नाही. पातळ पिठात बुडवलेला बटाटेवडा, कांदाभजी, जिलबी यांना टाकताक्षणी आवळून धरणारं तेलच लागतं. टोपलीत पीठ आधी भोकांतून गळतं, मग खाली करपतं. पुरी फुगते ती एकदम उसळलेल्या वाफेनं, हवेत तिचा खाकरा होतो. चकलीचं तर नावच काढू नकोस, दिवाळीत भोपाळला ये.

श्रावण संपल्यावर तू कोंबडी करणार हे मला ठाऊक आहे. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यात ७४ अंश झाले पाहिजेत, रंगावर विश्वास ठेवायचा नाही. सुईचा थर्मामीटर घे, फार महाग नसतो. चरबी टपकून धूर झाला तर खालच्या ट्रेमध्ये दोन चमचे पाणी घाल.

विजेचंही लिहिते, कारण त्याचा दोष पाककृतीवर जातो. तुझं यंत्र १५०० वॉटचं, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. मिक्सरच्या बारक्या, ६ अँपिअरच्या प्लगला ते लावू नकोस, एक्स्टेन्शन बोर्डाला तर नाहीच. १६ अँपिअरची जाड पिनांची जागा लागते. इथे मे महिन्यात सगळ्या कॉलनीचे कूलर-एसी लागले की संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. २०० व्होल्टवर तेच वेटोळं जेमतेम साडेअकराशे वॉट देतं, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. टायमर मात्र तितकाच चालतो. म्हणून कुणी लिहिलेली मिनिटं, माझीसुद्धा, अंदाजच धर आणि टोपली ओढून बघत जा. मागे वीतभर जागा सोड, गरम हवा तिकडून बाहेर पडते.

हे दिवस दमट आहेत. काढलेला पदार्थ ताटात ढीग करून झाकलास की त्याच्याच वाफेनं दहा मिनिटांत मऊ पडेल. जाळीवर उघडा ठेव आणि लगेच खा. आठवड्यातून एकदा वायर काढून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर उलटं करून वेटोळं ओल्या फडक्यानं पूस. तारेची घासणी टोपलीला लावायची नाही. टोपलीचे पापुद्रे सुटायला लागले तर नवी टोपली मागव, त्या टोपलीत पुढे काही करू नकोस.

पुढच्या रविवारी बाफले कर. डाळीचं मला विचारू नकोस, तुझ्या आईला विचार. तिची माझ्यापेक्षा चांगली होते, आणि हे तिला मी कधी सांगितलेलं नाही.

तुझी,
आत्या

ता. क. पापडही होतो, १८० वर मिनिट-दीड मिनिट. पण हलका असल्यानं वाऱ्यानं उडून वेटोळ्याला चिकटतो आणि पेटू शकतो. त्याच्यावर स्टीलची छोटी जाळी ठेव, आणि तेवढा वेळ फोनवर बोलायला जाऊ नकोस.