निळं की हिरवं, ते आधी बघ

अगं, पॉलिअ‍ॅनिलिन या वीज वाहणाऱ्या पॉलिमरवर प्रोजेक्ट घेतलायस म्हणे! मग चार गोष्टी आत्ताच सांगून ठेवते. रत्नागिरीच्या दमट हवेत काम करायचंय तुला.

अ‍ॅनिलिन तपकिरी पडलं असेल तर ऊर्ध्वपातन केल्याशिवाय वापरू नकोस. ते कातडीतूनही अंगात जातं, तेव्हा हातमोज्यांचा कंटाळा नको. त्याच्या रेणूंची साखळी जोडणाऱ्या अमोनियम परसल्फेटला ओल लागली की त्यात दम राहत नाही. बरणी डेसिकेटरमध्येच ठेव. साखळी जोडायची प्रक्रिया शून्य ते पाच अंशांवर करायची. बर्फ कमी पडला तर मिरकरवाडा बंदरावर बघ, आणि त्यात खडेमीठ घाल.

हाती येतो तो पॉलिमरचा हिरवा क्षार. अमोनियाने धुतलास की निळा होतो, आणि हा निळाच एनएमपी या द्रावकात नीट विरघळतो. पण बाई, एनएमपी साधं समजू नकोस. पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. दिवस गेलेल्या मुलीने त्याच्या वाटेलाच जाऊ नये. शिवाय प्लास्टिकची क्युव्हेट त्यात खराब होते. क्वार्ट्झचीच माग, लाजू नकोस.

द्रावण गाळून, पातळ करून स्पेक्ट्रोमीटरला लाव. निळ्याचे दोन उंचवटे दिसतील, साधारण ३३० आणि ६३० नॅनोमीटरला. आम्ल पुरेसं मिळालं की ६३०चा बसतो आणि ४३०च्या आसपास व ८००च्या पुढे नवे उठतात. कोकम सरबतात सोड्याची चिमूट पडली की लाली उडते ना, तसाच हाही आम्ल-अल्कलीचाच खेळ. फरक एवढाच, की इथे रंगाबरोबर साखळीवरचे विद्युतभारही बदलतात. १९७७ साली शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडीनची वाफ दिली आणि प्लास्टिकमधून वीज वाहते हे दाखवलं, त्याच्याही मुळाशी असे साखळीवरचे भारच होते. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना त्यासाठीच मिळालं.

आता खरी गोम. आम्ल घातल्यावर कंडक्टिव्हिटी मीटरचा आकडा वर चढेल, तू खूश होशील. थांब! पातळ द्रावणात साखळ्या एकमेकींपासून लांब असतात, विजेला एकीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही. मीटर मोजतो ते बहुतांशी आम्लाचे सुटे आयन. म्हणून तेवढंच आम्ल नुसत्या एनएमपीत घालून वेगळं मोज आणि दोन्ही आकडे शेजारी लिही. पॉलिमरची स्वतःची वाहकता हवी असेल तर द्रावणाचा पातळ थर काचेवर वाळव, आम्लाची वाफ दे आणि चार टोकांच्या प्रोबने मोज.

व्हायवात कुणी विचारलंच, ‘द्रावणाची वाहकता किती?’ तर आकडा सांगण्याआधी ती कशामुळे आली ते सांग. परीक्षक पुढचा प्रश्न जरा विचार करून विचारतील.