विमानाचा वेळ आणि इबादतीची वेळ

उमऱ्याचा इरादा केला की आपण तिकिटावरील वेळा पाहतो. परंतु त्या वेळांचा अर्थ नीट समजून घेणे हादेखील इबादतीच्या तयारीचाच एक भाग होय.

मुंबई ते जिद्दा हे हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर असून थेट विमानाने हा प्रवास साधारण पाच ते साडेपाच तासांचा आहे. तिकिटावर मात्र निघण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची वेळ जिद्द्याची असते. सौदी अरबस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. म्हणून सकाळी 10 वाजता निघून दुपारी 12.45 वाजता पोहोचणाऱ्या विमानाचा प्रवास पावणेतीन तासांचा नसून सव्वापाच तासांचा असतो.

पहिली बाब इहरामची. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केकडे येणाऱ्यांसाठी मीकात, म्हणजेच इहरामच्या सीमा, ठरवून दिल्या आहेत. हज-उमऱ्याच्या इराद्याने निघालेल्याने त्या सीमा इहरामशिवाय ओलांडू नयेत. पूर्वी हाजी मुंबईहून जहाजाने जात. 1995 मध्ये ती वाहतूक थांबली. जहाजावर यलमलमपूर्वी गुसल करून इहराम बांधण्यास पुरेसा अवधी मिळे. विमान मात्र ताशी 800 किलोमीटर वेगाने गेले, तर दहा मिनिटांतच सव्वाशेहून अधिक किलोमीटर कापते. ते साधारणतः जिद्द्याला उतरण्यापूर्वीच मीकातीच्या पुढे गेलेले असते. म्हणून इहरामची वस्त्रे घरी किंवा मुंबई विमानतळावरच परिधान करावीत आणि मीकात येण्यापूर्वी नियत करून तलबिया म्हणावी. जिद्द्याला उतरून इहराम बांधू, असे म्हणणाऱ्यास मीकातीकडे परतावे लागते, अन्यथा दम, म्हणजे प्राण्याची कुर्बानी, द्यावी लागते.

दुसरी बाब नमाजची, आणि ती परतीच्या प्रवासात अधिक निसटते. समजा, विमान जिद्द्याहून रात्री 1 वाजता निघाले व पाच तासांनी मुंबईस उतरले. मनगटावरील जिद्द्याचे घड्याळ सकाळचे 6 दाखवील, पण मुंबईत 8.30 वाजलेले असतील. पूर्वेकडे जाताना रात्र आखूड होते. सूर्य वाटेतच उगवतो आणि फजरची वेळ आकाशातच निघून जाते. प्रवासात नमाज कसर करण्याची सवलत पवित्र कुरआनने दिली आहे. शाफई मसलकाच्या कोकणी बांधवांना जुहर-असर व मगरिब-इशा एकत्र अदा करण्याचीही मुभा आहे. परंतु फजर कसर होत नाही आणि अन्य नमाजशी जोडताही येत नाही.

म्हणून वुजू करूनच विमानात बसावे, पूर्व क्षितिज उजळताना खिडकीतून पाहावे किंवा कर्मचाऱ्यांना सूर्योदयाची वेळ विचारावी आणि शक्य तेथे उभे राहून, किब्ल्याकडे तोंड करून नमाज अदा करावी. अडचण असल्यास काय करावे, हे निघण्यापूर्वीच आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

प्रवास वेगवान झाला, पण सूर्य आणि मीकात आपल्या जागीच आहेत. अल्लाह आपणा सर्वांना वेळेचे भान राखण्याची तौफीक देवो. आमीन.