हुनराला भाव कसा मिळतो? मिरजेच्या सितारमेकरांचा धडा

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, भिवंडी या पट्ट्यात कापडाचा धंदा करणाऱ्याला हुनरवाल्या माणसांची वानवा नाही. जरीकाम, आरीकाम, कटिंग, शिलाई, छपाई, प्रत्येक कामाचा कारीगर हाकेच्या अंतरावर मिळतो. वानवा आहे ती त्या हुनरावर आयुष्यभर घर चालवू शकणाऱ्या कारीगराची. हात सोन्यासारखा असूनही चाळिशीत अड्डा गुंडाळून रिक्षा चालवणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. दोष हाताचा नसतो. हुनराभोवती जी व्यवस्था लागते, ती नसते. ही व्यवस्था कशी उभी राहते, हे पाहायचे तर मिरजेकडे पाहावे.

तलवारीकडून तारेकडे

सांगली जिल्ह्यातील मिरजेत सतार व तानपुरे बनविण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. हे काम उभे करणारे फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातील. इंग्रजी अंमलात हत्यारांची मागणी घटली, तसा त्यांनी हात तंतुवाद्यांकडे वळविला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती, त्यामुळे गवयांचे येणे-जाणे होते. पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले. ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा भरते.

वाचकांनी येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, तानपुरा एका हाताने होत नाही. भोपळा निवडणे व कापणे, दांडी बसविणे, नक्षी, पॉलिश आणि शेवटी जवारी काढणे, अशी कामे वेगवेगळे हात करतात. हे हात एकाच वस्तीत असल्यामुळे शागिर्दाला शिकायला दूर जावे लागत नाही आणि एकाचे काम अडले तर शेजारी मदतीला असतो. दुसरी, गिऱ्हाईक थेट कारखान्यात येते. गवई स्वतः तार छेडून पाहतो, कसर असेल तर सांगतो. कारीगर सुधारतो आणि त्याचे नाव गवयाच्या तोंडून दुसऱ्या गावी जाते. आपल्या बाजारात मात्र कारीगर व गिऱ्हाईक यांच्यामध्ये चार दलाल उभे असतात आणि कारीगराचे नाव पहिल्याच दलालाजवळ थांबते.

नावाची राखण

२०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन एका कुटुंबाच्या नावावर नसते. त्या भागातील सर्व उत्पादकांचे ते सामाईक धन असते आणि त्यांच्या संघटनेला अर्ज करावा लागतो. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघरमध्ये गेलेल्या भागातील वारली चित्रकलेला २०१४ साली हे मानांकन मिळाले, तेही आदिवासी तरुणांच्या संस्थेने पाठपुरावा केल्यामुळे. मात्र मानांकनाचा पूर्ण फायदा घ्यायचा तर प्रत्येक कारीगराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवून घ्यावे लागते. शिवाय हा कायदा भारतापुरता आहे. २०२५ साली इटलीतील प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर दाखविल्या, तेव्हा इथल्या लोकांनी आवाज उठविला आणि त्यानंतरच कंपनीने मूळ भारतीय कारागिरीचे असल्याचे मान्य केले. कायदा जेथे संपतो तेथे जमातीची एकी कामाला येते.

मजुरीचा हिशेब

आता आपल्या घरचा हिशेब करू. समजा, एका गळ्याच्या भरतकामाला ६ तास लागतात. आठ तासांचे ८०० रुपये सुटायला हवेत, म्हणजे तासाला १०० प्रमाणे मजुरी ६०० रुपये. धागा-टिकली ९०, जागेचे भाडे व वीज ४०. झाले ७३०. पण नमुना तयार करायला दोन दिवस, म्हणजे १,६०० रुपये गेले, ते कोण देणार? ऑर्डर ४० नगांची असेल तर नगामागे ४० रुपये धरावे लागतील. एकूण ७७० रुपये. याखालचा भाव म्हणजे कारीगर आपल्या मुलांच्या ताटातून व्यापाऱ्याला सूट देत आहे.

नमुन्याचे पैसे न देता तो उचलून दुसऱ्या अड्ड्यावर स्वस्तात करून घेणे ही आपल्या बाजारातील जुनी खोड आहे. ती मोडायची तर एका वस्तीतील कारीगरांनी किमान भाव एकत्र बसून ठरवावा आणि नमुन्याचे पैसे वेगळे घ्यावेत.

येणे वेळेवर मिळण्यासाठीही कायदा आहे. उद्यम नोंदणी मोफत होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा लहान उद्योगाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी चलन व बिल हवे. तोंडी व्यवहाराला पुरावा नसतो.

व्यापारी बंधूंना एवढेच सांगणे आहे की, घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. त्यात आपला फायदाही आहे. कारीगर टिकला तर त्याचा शागिर्द तयार होतो. तो उठून गेला तर पुढच्या मोसमात ऑर्डर हाती असेल, पण ती भरून देणारा हात नसेल. प्रत्येक व्यापाऱ्याने या वर्षी निदान एका कारीगराचे नाव गिऱ्हाइकाला सांगावे आणि एका नमुन्याचे पूर्ण पैसे रोख मोजावेत. मिरजेची पेठही अशीच एकेका माणसापासून उभी राहिली.