स्फटिकाचा दृष्टांत आणि पात्राचा प्रश्न

जयपूरजवळील बस्सी येथे मिठाईच्या दुकानात दोऱ्यावर जमलेली मिश्री पाहिली की मराठी माणसाला खडीसाखर आठवते. दाट पाकात सोडलेल्या दोऱ्याच्या आधाराने साखरेचे रेणू शिस्तीने रचले जातात. साखर हा सेंद्रिय पदार्थ. खडीसाखर हा त्याचा स्फटिक. पातेले लहान असो वा मोठे, स्फटिकाची जात तीच राहते. साहजिकच पदार्थ प्रधान आणि पात्र गौण, असा आपला समज होतो.

आपल्या दर्शनपरंपरेतील एक प्रसिद्ध दृष्टांत या समजाला बळकटी देतो. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, तांबडा होत नाही. उपाधीने भास पालटतो, स्वरूप नव्हे. साहित्यविचारात आपण नकळत हाच न्याय लावतो : आशय हा स्फटिक, छंद ही उपाधी.

परंतु पात्र अतिसूक्ष्म झाले म्हणजे काय होते? स्फटिकाचा आरंभ रेणूंच्या एका लहानशा पुंजक्यापासून, म्हणजे केंद्रकापासून होतो. केंद्रक एका विशिष्ट मापापेक्षा लहान असेल तर ते विरघळून जाते. ते माप ओलांडले तरच वाढते. ज्या छिद्रात एवढे केंद्रक मावतच नाही, तेथे द्रव्य स्फटिकरूप घेऊ शकत नाही. जॅक्सन आणि मॅकेना यांनी 1990 मध्ये सच्छिद्र काचेतील सेंद्रिय द्रव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छिद्रांचा व्यास 4 ते 73 नॅनोमीटर होता. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. छिद्र जितके अरुंद, तितका द्रवणांक खाली उतरतो, असे त्यांना आढळले.

ग्लायसिन या साध्या अमिनो आम्लाचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याचे आल्फा, बीटा व गॅमा असे तीन स्फटिकप्रकार सामान्य दाबाखाली ज्ञात आहेत. यांपैकी बीटा सर्वांत अस्थिर. दमट हवेत तो लवकरच दुसऱ्या प्रकारात पालटतो. अतिसूक्ष्म छिद्रांत मात्र नेमका तोच घडतो आणि टिकून राहतो. रेणू तेच, रचना वेगळी. येथे पात्राने रंग दिलेला नाही. घडण दिली आहे.

प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे वर्गात असे शिकविले की, अनुवादात आशय जपावा, छंद सोडला तरी चालेल. या विधानाचा आता फेरविचार करणे प्राप्त आहे. मोठ्या अभंगाच्या चौकात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा असतो. दोह्याच्या प्रत्येक ओळीत तेरा आणि अकरा मात्रांची विभागणी असते. नरैना येथे 1603 मध्ये निवर्तलेल्या दादू दयाळांची साखी दोह्यात घडली, तुकोबांची वाणी अभंगात. अभंग दोह्यात नेताना आपण केवळ पातेले बदलत नाही. दुसराच स्फटिक घडवीत असतो.

अर्थात रेणूला इच्छा नसते, कवीला असते. म्हणून या साम्याला मर्यादा आहे. कवी आपले पात्र स्वतः निवडतो, प्रसंगी ते फोडतोही. पण निवडलेल्या पात्राची मोजमापे न तपासता आशयाविषयी निर्णय देणे तौलनिक अभ्यासकाला यापुढे शोभणार नाही.