गाडी लागते, हे आधी सांग

बोदवड

चि. बबी,


पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं ठरलं, जळगावला ॲडमिट व्हायचंय, हे तुझ्या आईकडून कळलं. शुद्धीवर आल्यावर उलट्या होतील याचीच तुला धास्ती आहे म्हणे. इतकी वर्षं थिएटरात सिस्टर म्हणून काढली. दुखण्यापेक्षा मळमळीनं रडकुंडीला आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली.

भुलीचे डॉक्टर आदल्या दिवशी येतील. दमा, बीपी, साखर विचारतील. तू न विचारता सांग, मला गाडी लागते. अजिंठ्याच्या घाटात एसटीच्या खिडकीत तोंड घालून, मुठीत लिंबू धरून बसली होतीस ना? तुला त्याची लाज वाटते, त्यांच्या ती कामाची गोष्ट आहे. आपफेल नावाच्या जर्मन भूलतज्ज्ञानं १९९९ साली भुलीनंतरच्या उलट्यांचा अंदाज घ्यायला चारच गोष्टी धरल्या: बाईमाणूस असणं, विडी-सिगारेट न ओढणं, गाडी लागणं किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या होणं, आणि नंतर दुखणं थांबवायला अफूच्या जातीची औषधं. एकही नसेल तर शंभरात दहाएक जणांना त्रास होतो, चारही असतील तर ऐंशीएक जणांना. तुझ्या तीन तर घरूनच निघाल्या. (विडी ओढणाऱ्याला मळमळ कमी, हे ऐकून तुझे आजोबा खूश झाले असते. तू मनावर घेऊ नकोस.)

हे आधी कळलं की डॉक्टरांना तयारी करता येते. भुलीच्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलवर झोपवता येतं. उलटी रोखायला डेक्सामेथासोन सुरुवातीला, ऑन्डान्सेट्रॉन शेवटी देता येतं. उलटी झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे बरं.

उपाशी ठेवतात ते मात्र या उलटीसाठी नव्हे. भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात उतरू नये, म्हणून. एका बाईनं पहाटे चोरून चहा-बिस्किटं खाल्ली आणि टेबलावर घेताना कबूल केलं. ऑपरेशन पुढे ढकललं, घरचे चिडले. मला तिचं कौतुकच वाटलं. तुझ्याकडून असं काही झालं तर तूही लपवू नकोस.

शुद्धीवर आल्यावर ताडकन उठू नकोस. तोंडाला पाणी सुटलं की लगेच सिस्टरला सांग, ट्रे येईपर्यंत मान एका बाजूला वळवून ठेव.

परत येताना काकांच्या जीपनं नको. रेल्वेनं ये, ती तुला लागत नाही. स्टेशनवर मी येते.

तुझी,
आत्या